आधी नाकाला विचारा, मग कुत्रं आणा

घरात एकाला कुत्रं हवं असतं आणि दुसऱ्याला कुत्र्याजवळ गेलं की शिंका सुरू होतात, डोळे चोळून लाल होतात, रात्री छाती वाजते. अशा घराला जालन्यात दोन सल्ले फुकट मिळतात. पिल्लं विकणारा म्हणतो, ‘शिह त्झू न्या, पूडल न्या, केस गळत नाहीत, ॲलर्जीचा प्रश्नच नाही.’ गावाकडचे काका म्हणतात, ‘शेतातल्या आखाड्यावरचं गावठी पिल्लू घेऊन जा, त्यानं कोणाला काही होत नसतं.’ दोघंही जातीवर बोट ठेवतात. खरा हिशेब मात्र एका कुत्र्याचा आणि एका माणसाचा असतो. त्या दोघांची गाठ घालायची, वाट बघायची, काय झालं ते लिहून ठेवायचं, आणि मगच ठरवायचं.

पुढची कृती त्यासाठी आहे. सगळ्या पायऱ्या नीट केल्या तर साधारण तीन महिने जातात. हा वेळ ज्यांना फार वाटतो त्यांनी एवढंच डोळ्यांसमोर आणावं: कुत्रं दहा-बारा वर्षं जगतं, आणि घाईनं आणलेलं कुत्रं नको झालं की त्याची रवानगी अनेकदा रस्त्यावर होते.

आधी एवढं समजून घ्या

ॲलर्जी केसांची नसते. कुत्र्याच्या लाळेत, कातडीच्या कोंड्यात आणि मुतात काही प्रथिनं असतात. काहींचं शरीर त्यांच्यावर तुटून पडतं आणि त्यातून शिंका, खाज, दम लागणं सुरू होतं. कुत्रं अंग चाटतं, लाळ केसांवर वाळते, कोंड्याबरोबर तिचे कण सुटतात. त्यातले बरेच कण इतके बारीक असतात की तासन्‌तास हवेत राहतात आणि माणसांच्या कपड्यांना चिकटून दूरवर जातात. कुत्रं कधी फिरकलंच नाही अशा शाळेच्या वर्गांतल्या धुळीतही ते सापडलेले आहेत. या प्रथिनांना शास्त्रज्ञांनी क्रमांक दिलेत. ‘कॅन एफ १’ हे मुख्य, आणि ते प्रामुख्यानं लाळेतून येतं. ‘कॅन एफ ५’ नराच्या प्रोस्टेट ग्रंथीत तयार होतं आणि मुतावाटे बाहेर पडतं. हा फरक पुढं पाचव्या पायरीला कामाला येईल.

‘ॲलर्जी न होणारी जात’ ही कल्पना कुठून आली? १९८०च्या दशकात ऑस्ट्रेलियात वॉली कॉनरन हे अंधांसाठी कुत्री तयार करणाऱ्या संस्थेत काम करत होते. हवाई बेटांवरच्या एका अंध बाईंनी त्यांच्याकडे वाटाड्या कुत्रं मागितलं. अडचण एवढीच होती की त्यांच्या नवऱ्याला कुत्र्यांची ॲलर्जी होती. कॉनरननी लॅब्राडोर आणि पूडल यांचा संकर केला, आणि १९८९च्या सुमारास ‘लॅब्राडूडल’ हे नाव रूढ झालं. या गोष्टीतला महत्त्वाचा भाग सहसा कोणी सांगत नाही. पहिल्या वेताला तीन पिल्लं झाली. तिघांची लाळ आणि केस हवाईला पाठवले, तेव्हा त्या गृहस्थांना तिघांपैकी एकाच पिल्लाचा त्रास झाला नाही. आई तीच, बाप तोच, तरी दोन नापास. पुढं या संकराचा जगभर बाजार झाला आणि खुद्द कॉनरननी त्याबद्दल पस्तावा बोलून दाखवला.

२०१२ साली नेदरलँड्सच्या संशोधकांनी ‘ॲलर्जीमुक्त’ म्हणवल्या जाणाऱ्या जातींच्या आणि साध्या जातींच्या कुत्र्यांच्या केसांत ‘कॅन एफ १’ मोजलं. ‘ॲलर्जीमुक्त’ जातींच्या केसांत ते कमी नव्हतं, उलट जास्तच निघालं. आणि एकाच जातीच्या दोन कुत्र्यांतही मोठा फरक दिसला. त्याच्या आदल्या वर्षी अमेरिकेत घरांमधली धूळ तपासली गेली, तिथंही जातीनुसार फरक आढळला नाही. बराक ओबामांनी २००९ साली मुलीच्या ॲलर्जीमुळं व्हाइट हाउसमध्ये पोर्तुगीज वॉटर डॉग आणला आणि त्या जातीचं नाव घरोघरी पोचलं, पण त्या निवडीनं शास्त्र बदललं नाही.

कोणी थांबावं

दमा आटोक्यात नसेल, गेल्या वर्षभरात दम्यामुळं दवाखान्यात भरती व्हावं लागलं असेल, इनहेलर रोज हाताशी लागत असेल, किंवा प्राण्याच्या स्पर्शानं ओठ-चेहरा सुजला असेल, तर ही कृती सुरू करू नका. आधी डॉक्टरांकडून दमा ताब्यात आणा, मग विचारा. मूल पाच वर्षांच्या आतलं असेल तर प्रत्येक पायरी बालरोगतज्ज्ञांना सांगूनच करा.

लागणारी तयारी

एक साधी वही. तोंड घट्ट बंद होणारी प्लास्टिकची पिशवी. एक जुना सुती टॉवेल. दमा असेल तर पीक फ्लो मीटर, म्हणजे जोरात फुंकून श्वासाचा वेग मोजायची नळी, जी औषधाच्या दुकानात मिळते. डॉक्टरांनी लिहून दिलेलं तातडीचं औषध. आणि ज्याला ॲलर्जी नाही असा घरातला एक माणूस, जो अंघोळ, केस विंचरणं आणि साफसफाई अंगावर घेईल. हा माणूस मिळत नसेल तर बाकीचं सामान जमवू नका.

पायरी १: त्रास कुत्र्याचाच आहे का, ते बघा

कुत्रं घरात नसतानाच दोन आठवडे वही लिहा. रोज रात्री नाक, डोळे, कातडी, श्वास आणि झोप या पाचांना ० ते ३ गुण द्या: ० म्हणजे त्रास नाही, ३ म्हणजे काम सोडून बसावं लागलं. दमेकऱ्यानं सकाळ-संध्याकाळ पीक फ्लोचा आकडाही लिहावा. ही तुमची मूळ पातळी. पुढं प्रत्येक गोष्ट हिच्याशी ताडून बघायची आहे.

आपल्या जिल्ह्यात ही पायरी विशेष महत्त्वाची, कारण इथं शिंकायला कारणांची कमतरता नाही. पावसाळ्यापासून दिवाळीपर्यंत बांधावर, रस्त्याच्या कडेला गाजर गवत फुललेलं असतं. सोयाबीनची मळणी, मग तुरीची, मग हरभऱ्याची. प्रत्येक मळणी यंत्राबरोबर भुसा उडतो. भाव पडले की कापूस घरातच एका खोलीत साठवला जातो आणि घरभर अंगाला खाज सुटते. जालना शहरात औद्योगिक वसाहतीच्या बाजूला धूर आणि बारीक धूळ. उन्हाळ्यात पहिल्यांदा कूलर लावला की गेल्या वर्षीच्या ओल्या गवताची बुरशी थेट नाकात. म्हणून कुत्र्याची चाचणी अशा दिवसांत घ्या, जेव्हा शेजारी मळणी नाही, घरात कापूस नाही, दिवाळीची साफसफाई आणि फटाके नाहीत, आणि कूलर नव्यानं लावलेला नाही.

आणखी एक गोम आहे. शेतात फिरून आलेलं कुत्रं अंगावर परागकण आणि धूळ घेऊन येतं. गाजर गवताची ॲलर्जी असलेला माणूस त्या कुत्र्याला कुरवाळतो, शिंकतो आणि दोष कुत्र्याला देतो. ओळखीच्या कुत्र्याजवळ एकदा ते शेतातून आल्यावर आणि एकदा ओल्या फडक्यानं पुसून स्वच्छ झाल्यावर बसून बघा. फरक पडला तर वहीत ठळक लिहा.

पायरी २: तपासणी करून घ्या

ॲलर्जीसाठी दोन प्रकारच्या तपासण्या होतात. एक हातावर: कातडीवर निरनिराळ्या पदार्थांच्या अर्काचे थेंब ठेवून सुईनं हलकं टोचतात आणि पंधरा-वीस मिनिटांनी उठलेली गांध मोजतात. या तपासणीआधी सेट्रिझिनसारख्या गोळ्या काही दिवस बंद ठेवाव्या लागतात. किती दिवस ते डॉक्टर सांगतील, मनानं बंद करू नका. दुसरी रक्ताची, तिला गोळ्यांचा अडथळा नाही. तुमच्या तालुक्यात सोय नसेल तर छत्रपती संभाजीनगरात ॲलर्जी किंवा छातीचे तज्ज्ञ गाठा. जालन्याहून सकाळी निघून संध्याकाळी परत येता येतं.

डॉक्टरांना तीन प्रश्न विचारा. कुत्र्याबरोबर धुळीतले किडे, गाजर गवत, बुरशी यांचीही तपासणी करावी का? रक्तात कुत्र्याच्या प्रथिनांची वेगवेगळी तपासणी, म्हणजे ‘कॅन एफ १’ आणि ‘कॅन एफ ५’ अशी, करून मिळेल का? आणि माझ्या बाबतीत कुत्र्यासोबत राहून बघणं सुरक्षित आहे का? तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर ‘नाही’ आलं तर कृती इथंच संपते.

अहवाल वाचताना एक लक्षात ठेवा. तपासणीत कुत्रं ‘पॉझिटिव्ह’ आलं म्हणजे शरीर त्या प्रथिनाला ओळखतं, एवढंच सिद्ध होतं. त्रास किती होईल हे आकडा सांगत नाही. ते सातवी आणि आठवी पायरी सांगेल.

पायरी ३: घरात बसून ठरवा

ज्याला त्रास होतो त्याचा शब्द शेवटचा, हे सगळ्यांसमोर आणि आधीच ठरवा. तो आजोबा असो की सहा वर्षांची मुलगी. कुत्रं आल्यावर, सगळ्यांना लळा लागल्यावर, ‘मला सहन होत नाही’ म्हणायला मोठ्या माणसालाही जड जातं.

याच बैठकीत दोन समजुती निकाली काढा. पहिली, ‘हळूहळू सवय होते.’ काहींना होते, पण तिच्यावर विसंबून कुत्रं आणू नये. दमेकऱ्याला रोज थोडा थोडा त्रास होत राहिला तर श्वासनलिकांची सूज वाढत जाते. दुसरी, ‘लहानपणापासून कुत्र्यात वाढलं की ॲलर्जी होत नाही.’ स्वीडनमध्ये लाखो मुलांच्या नोंदी तपासून २०१५ साली आलेल्या अभ्यासात, आयुष्याच्या पहिल्या वर्षी घरात कुत्रं असलेल्या मुलांमध्ये पुढं दमा थोडा कमी दिसला, शेतावर वाढलेल्यांमध्ये आणखी कमी. हा फायदा अजून ॲलर्जी न झालेल्यांचा. ज्याला ती झालीच आहे, त्याच्यावर कुत्रं हे औषध नाही.

मग पाण्याचा हिशेब. अंघोळीनं कुत्र्याच्या अंगावरची ॲलर्जीची प्रथिनं कमी होतात, पण दोन-तीन दिवसांत पुन्हा पूर्वीइतकी भरतात. फायदा टिकवायचा तर आठवड्यातून दोनदा अंघोळ लागते. २०१२-१३ च्या दुष्काळात राज्यात सर्वाधिक होरपळलेल्या जिल्ह्यांत जालना होता, आणि आजही अनेक वस्त्यांत नळाला पाणी कधी येणार यावर आठवडा आखला जातो. मे महिन्यात मोठ्या केसाळ कुत्र्यासाठी आठवड्याला चार-पाच बादल्या निघतील का, याचं खरं उत्तर द्या. नसतील निघत तर कुत्रं लहान किंवा मध्यम आणि आखूड केसांचं हवं, ज्याचं काम एका बादलीत आणि मधल्या दिवशी ओल्या फडक्यात भागेल.

पायरी ४: कुत्र्याआधी घर तयार करा

हे काम चाचणीच्या किमान दोन आठवडे आधी उरका.

१) ज्याला ॲलर्जी आहे त्याची झोपायची खोली कुत्र्याला कायम बंद. एक दिवसही अपवाद नाही. एकाच खोलीचं घर असेल तर कुत्र्याची जागा ओसरीवर किंवा परसात; तिथं सावली आणि पाण्याचं भांडं हवं.

२) त्या खोलीतल्या गोधड्या, चादरी, उशांचे अभ्रे आठवड्याला कडक गरम पाण्यात धुवा आणि उन्हात वाळवा. गोधडीच्या थरांत धूळ आणि तिच्यातले किडे राहतात. ते कमी झाले तर शरीरावरचा एकूण भार कमी होतो आणि कुत्र्याचा थोडा त्रास सोसण्याइतकी जागा राहते.

३) बैठकीतली सतरंजी, जाड पडदे, कापडी सोफा यांतलं जेवढं काढता येईल तेवढं काढा. शहाबादी फरशी किंवा टाइल ओल्या फडक्यानं पुसता येते, सतरंजी येत नाही.

४) कोरड्या फड्यानं झाडणं बंद. त्यानं खाली बसलेले कण पुन्हा हवेत जातात. आधी ओलं पुसा, आणि हे काम ॲलर्जी असलेल्यानं करू नये.

५) कूलरची जागा नीट बघा. कूलर बाहेरची हवा आत ओढतो आणि उघड्या खिडकीतून आतली बाहेर ढकलतो, त्यामुळं घरातले कण पातळ होतात. बंद खोलीतला एसी तीच हवा फिरवत राहतो. पण कुत्रं कूलरच्या मागं, खिडकीबाहेरच्या सावलीत पसरलं तर त्याचा कोंडा थेट आत ओढला जाईल. उन्हाळ्यात त्याला नेमकी तीच गार जागा आवडते, म्हणून तिथं आधीच आडोसा घाला. आत असताना झोताच्या वाटेत आधी कुत्रं आणि मग माणूस अशी रचना नको.

६) हवा गाळण्याचं यंत्र, ज्यात हेपा गाळणी असते, परवडत असेल तर झोपायच्या खोलीत लावा. त्यानं मदत होते, पण पहिल्या चार गोष्टी न करता नुसतं यंत्र लावलं तर पैसे वाया जातील.

पायरी ५: कसं कुत्रं शोधायचं

जात सर्वांत शेवटी लिहा. आधी या चार गोष्टी.

वय: पिल्लापेक्षा वर्ष-दीड वर्षाचं कुत्रं घ्या. पिल्लाशी आज जमलं म्हणून ते मोठं झाल्यावर जमेल असं नाही. वयात आलेल्या नराच्या अंगी नवी प्रथिनं येतात, कोंडा वाढतो. मोठं कुत्रं जसं आहे तसं समोर असतं. गाव सोडून जाणारं कुटुंब, संस्थेनं सांभाळलेलं कुत्रं, आखाड्यावर माणसाळलेलं शांत कुत्रं, असे पर्याय शोधले तर सापडतात.

नर की मादी: रक्ततपासणीत फक्त ‘कॅन एफ ५’ आलं असेल तर मादी निवडा. ते प्रथिन मादीत तयार होत नाही, आणि असे लोक मादीसोबत बऱ्याचदा सुखानं राहतात. नर घ्यायचाच असेल तर नसबंदीबद्दल पशुवैद्यांशी बोला, कारण ते प्रथिन नर-संप्रेरकांवर चालतं. ‘कॅन एफ १’ही आलं असेल तर नर-मादी फरकानं काम भागणार नाही.

आकार: लहान अंगावर कातडी कमी, लाळ कमी, पाणी कमी.

स्वभाव: सारखं तोंड चाटणारं, अंगावर उड्या मारणारं, लाळ गाळणारं कुत्रं कितीही गोड असलं तरी या घरासाठी नाही.

आता जात. आपल्याकडचं गावठी कुत्रं आखूड केसांचं, उन्हाला सरावलेलं, फडक्यानं पुसून स्वच्छ होणारं. दख्खनी कारवानी किंवा मुधोळ हाउंडचेही केस आखूड असतात, पण त्याला धावायला रान लागतं, आणि शेळी-कोंबडी दिसली की ते मागं पळतं. दोन खोल्यांच्या घरात त्याचे हाल होतील. ल्हासा आणि शिह त्झू यांचे केस कमी गळतात, मात्र सतत वाढतात, नियमित कापावे-विंचरावे लागतात. आणि शिह त्झू, पग यांच्यासारख्या बसक्या नाकाच्या कुत्र्यांना चाळीस अंशांच्या वरचा इथला मे सोसत नाही. हस्की आणि जालना यांची गाठ घालूच नये. यांपैकी एकाही जातीच्या लाळेत ॲलर्जीची प्रथिनं नसतात असं नाही.

विकत घेणार असाल तर २०१७च्या केंद्रीय नियमांनुसार आठ आठवड्यांखालचं पिल्लू विकता येत नाही आणि पैदास करणाऱ्याची राज्य प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी लागते. ती बघायला मागा. ‘ॲलर्जी होणार नाही, गॅरंटी’ असं जो म्हणेल त्याला विचारा, महिन्यानं त्रास झाला तर परत घेशील का, आणि लिहून देशील का. उत्तरावरून माणूस कळेल.

पायरी ६: कुत्र्याला आधी पशुवैद्यांकडे न्या

ॲलर्जी असलेल्या माणसानं जवळ जाण्याआधी कुत्रं निरोगी आहे याची खात्री करा. पिसवा, गोचीड, लूत, गजकर्ण यांनी माणसालाही खाज सुटते. घोट्याभोवती आणि पोटरीवर झुपक्यानं उठलेले लाल ठिपके बहुधा पिसवांचे असतात. गोल कडेचा चट्टा गजकर्णाचा. या दोन्ही गोष्टींवर औषध आहे, त्यांच्यासाठी चांगलं कुत्रं नाकारू नका. कुत्र्याची कातडी कोरडी पडून कोंडा उडत असेल तर त्याचं कारण आणि उपाय विचारा. रेबीजची लस झाली आहे का ते कार्डावर बघा. नसेल तर टोचून घ्या आणि पुढं दरवर्षी तारीख पाळा. तालुक्याला सरकारी पशुवैद्यकीय दवाखाना असतो. अवघड दुखणं असेल तर शेजारच्या परभणीत पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे.

पायरी ७: तीन भेटी आणि एक टॉवेल

भेटींच्या दिवशी ॲलर्जीची गोळी घ्यायची की नाही ते डॉक्टरांना विचारून ठेवा. गोळीनं त्रास झाकला जातो, पण दमेकऱ्याची रोजची औषधं कधीही बंद करायची नाहीत. प्रत्येक भेटीला तातडीचं औषध खिशात आणि सोबत दुसरा माणूस हवाच.

पहिली भेट उघड्यावर, अर्धा तास. जवळ बसा, पाठीवर हात फिरवा, तोंड चाटू देऊ नका. नंतर साबणानं हात धुवा, घरी जाऊन कपडे बदला, वही लिहा.

दुसरी भेट बंद खोलीत, एक तास. कुत्रं जिथं राहतं तीच खोली असेल तर उत्तम, कारण तिथल्या हवेत त्याचे कण आधीच असतात. खोली दुसऱ्या कुत्र्याची किंवा मांजराची नको.

तिसरी भेट पुन्हा खोलीत, दोन तास. या वेळी खेळा, मांडीवर घ्या, हाताला चाटू द्या. हातावर गांधी उठल्या तर लगेच धुवा आणि तेही लिहा.

दोन भेटींत तीन दिवसांचं अंतर ठेवा. ॲलर्जीचा पहिला हल्ला काही मिनिटांत येतो, दुसरा चार ते आठ तासांनी येऊ शकतो. दुपारी खेळून आलेलं मूल संध्याकाळी ठणठणीत आणि रात्री दोनला खोकत उठलेलं, असं होतं. म्हणून निकाल दुसऱ्या दिवशी सकाळी लिहायचा.

तिन्ही भेटी निभावल्या तर जुना टॉवेल त्या कुत्र्याच्या मानेवर, पाठीवर, पोटावर चांगला घासा, पिशवीत बंद करून घरी आणा आणि बैठकीत दोन दिवस उघडा ठेवा. झोपायच्या खोलीत नको. कुत्र्याचा चेहरा समोर नसताना शरीर काय म्हणतं ते यातून कळतं. लळ्यानंही आणि भीतीनंही डोकं भरकटतं, टॉवेल दोन्हींपासून मोकळा असतो. नंतर तो धुऊन टाका.

पायरी ८: तीन आठवड्यांचा मुक्काम

कुत्रं ‘आणलं’ म्हणू नका, ‘मुक्कामाला आलं’ म्हणा. देणाऱ्याशी आधीच ठरवा, शक्य तर कागदावर: इतक्या तारखेपर्यंत जमलं नाही तर कुत्रं तुमच्याकडे परत. मुलांनाही हीच तारीख सांगा.

तीन आठवडे यासाठी, की पहिल्या दिवशी घर स्वच्छ असतं. कोंडा रोज थोडा थोडा साठतो. दोन दिवस बरं गेलं याचा अर्थ फार लावता येत नाही. तिसऱ्या आठवड्यातली वही पहिल्या पायरीतल्या वहीशेजारी ठेवा.

पीक फ्लो वापरणाऱ्यानं स्वतःचा सर्वोत्तम आकडा शंभर धरावा. ऐंशी टक्के किंवा वर असेल तर ठीक. पन्नास ते ऐंशीच्या मध्ये आला तर डॉक्टरांना फोन आणि कुत्रं घराबाहेर. पन्नासच्या खाली गेला, बोलताना दम लागला, ओठ सुजले किंवा निळे पडले, तर तातडीचं औषध घेऊन लगेच दवाखाना. गाडी नसेल तर १०८.

पायरी ९: निर्णय

गुण मूळ पातळीइतकेच राहिले, झोप मोडली नाही, औषध वाढलं नाही: कुत्रं ठेवा.

नाक-डोळ्यांचा एखादा गुण वाढला, श्वास आणि झोप ठीक: आणखी तीन आठवडे बघा, घराचे नियम कडक करा, डॉक्टरांना वही दाखवा. ॲलर्जीची लसमालिका सुचवली गेली तर ती काही वर्षांची असते आणि कुत्र्याच्या बाबतीत सगळ्यांना सारखी लागू पडत नाही; तिच्या भरवशावर आज निर्णय घेऊ नका.

श्वासाचा किंवा झोपेचा गुण वाढला, इनहेलर जास्त लागला: कुत्रं परत. यावर चर्चा नाही.

पायरी १०: ठेवल्यानंतरची रीत

आठवड्यातून दोनदा अंघोळ, कुत्र्यासाठीच्या सौम्य शाम्पूनं. माणसाच्या साबणानं कातडी कोरडी होऊन कोंडा वाढतो. पाणी नसेल त्या आठवड्यात ओल्या फडक्यानं डोक्यापासून शेपटीपर्यंत पुसा. फिरून किंवा शेतातून आलं की पाय आणि पोट पुसल्याशिवाय आत घेऊ नका. केस विंचरायचे ते अंगणात, वारा घरापासून दूर वाहत असताना, आणि ॲलर्जी नसलेल्यानं. कुत्र्याचं अंथरूण सुती ठेवा, दर आठवड्याला वेगळं धुवा. कुत्र्याशी खेळलेले कपडे बदलूनच ॲलर्जी असलेल्याच्या खोलीत जायचं. वही पहिले तीन महिने रोज, मग मळणीच्या आणि गाजर गवताच्या हंगामात. त्या दिवसांत गुण वाढले तर आधी हवेकडे बघा, मग कुत्र्याकडे.

उत्तर ‘नाही’ आलं तर

कुत्रं ठरल्याप्रमाणे देणाऱ्याकडे जाईल, किंवा पक्क्या माहितीच्या दुसऱ्या घरी. नाक्यावर, ढाब्यावर, गावाबाहेर सोडायचं नाही. ज्यांचा आखाडा आहे आणि तिथं कायम राहणारं माणूस आहे, त्यांना कुत्रं तिथं ठेवता येतं. मुलानं सुटीच्या दिवशी उघड्यावर भेटावं, घरी येऊन अंघोळ करावी. घरात उरलेले कण जायला आठवडे, कधी महिने लागतात, तोवर चौथ्या पायरीचे नियम चालू ठेवा.

पहिल्या पायरीचे गुण पुन्हा मूळ पातळीवर आले, आणि डॉक्टरांनी मनाई केली नसेल, तर पाचव्या पायरीपासून दुसरं कुत्रं शोधायला हरकत नाही. एक कुत्रं जमलं नाही याचा अर्थ तेवढाच. हवाईच्या त्या गृहस्थांनाही एकाच वेतातल्या तिघांपैकी एकच जमलं होतं.